इंग्लंडमध्ये गावांखाली चॉकच्या जुन्या खाणी निघतात. ठाणे-नवी मुंबईत एखाद्या गावाखाली तशी खाण आहे का?

चॉकची नाही. असती तर बरं झालं असतं, निदान डोंगर तरी वाचला असता.

चॉक म्हणजे मऊ चुनखडी, कुदळीने निघते. चुना आणि विटांसाठी तिकडची माणसं जमिनीखाली शिरली, पुढे वर वस्ती झाली. लंडनजवळ चिझलहर्स्टच्या अशा बोगद्यांत दुसऱ्या महायुद्धात हजारो लोक बॉम्बच्या भीतीने झोपायला जायचे. रेडिंगमध्ये २००० साली जुन्या खाणीवरची जमीनच खचली. त्यांच्याकडे चॉक साचायचा थांबला, साधारण त्याच सुमारास, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे लाव्हा ओतला जात होता. तोच आपला काळा पत्थर. त्यातून ठाण्याजवळ पारसिक डोंगराचा बोगदा काढला (१९१६ साली सुरू झाला), पण तो रेल्वेसाठी. खडीसाठी एवढा खटाटोप कोण करतो? सुरुंग लावायचा आणि डोंगर उघड्यावर फोडायचा.

आमचं घर त्याच डोंगराच्या पायथ्याशी, क्वॉरीपासून हाकेच्या अंतरावर. दुपारी शिट्टी वाजली की आई भाताच्या टोपावर झाकण घालायची, कारण वरून माती पडायची. मग धडाम्, आणि मांडणीवरच्या ताटांचा खळखळाट. मी नववीत असताना मधल्या भिंतीला तडा गेला. त्याच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारून मी तारीख लिहायचो. गणपती ते दिवाळी, चार बोटं पुढे.

माझ्या चुलत भावाचा डंपर त्याच क्वॉरीवर. तो आजही चारचौघांत म्हणतो, "काकांनी घराच्या पायात सिमेंट वाचवलं, म्हणून तडा गेला." बाबा आता उत्तर द्यायला नाहीत. म्हणून सांगतो, क्वॉरीजवळ राहत असाल तर तड्याच्या टोकाशी तारीख लिहा, फोटो काढा, सुरुंगाची वेळ टिपून ठेवा. नंतर तोंडी कोणी ऐकत नाही, सख्खेसुद्धा.

हां, प्रत्येक तडा सुरुंगाचाच असतो असं नाही. खाडीच्या भरावावरची घरं आपोआपही तडकतात. आमचं मुरमावर होतं.

बिल्डिंगसाठी घर पाडलं तेव्हा भिंती सकाळीच आडव्या झाल्या. पाया फोडायला ब्रेकरला दोन दिवस लागले. मलबा उचलायला डंपर भावाचाच होता. दोन्ही दिवस तो केबिनमधून खाली उतरला नाही.