भरपाईचे दावे : किती मिळते, खर्च कोण करतो, सही कुठे करू नये

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय ३४) गवंडीकाम करायचा. कामावरून मोटारसायकलने परतताना मागून आलेल्या टेम्पोने उडवले, जागीच गेला. मागे भावजय, दोन लहान मुले आणि आई आहे. रोजचे सातशे-साडेसातशे मिळायचे, पण लेखी काहीच नाही. दिवस व्हायच्या आतच एक गृहस्थ घरी आले. ‘पन्नास लाख काढून देतो, खर्च सगळा आमचा, मिळाले की चौथा हिस्सा आमचा’ म्हणतात आणि कोऱ्या कागदांवर भावजयीच्या सह्या मागतात. काय करावे?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : सह्या देऊ नका. दिल्या असतील तर कागद परत मागा आणि तसे लेखी कळवा. निकालावर ठरणारी किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणारी फी घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. असा करार कायद्याने टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अपघात भरपाईच्याच एका प्रकरणात पुन्हा सांगितले आहे. तिथे वकिलाने फीपोटी घेतलेल्या चेकवरून पक्षकाराविरुद्ध केलेला खटला न्यायालयाने रद्द केला. घरी येणारा माणूस बहुतेक वेळा वकील नसतोच, तो मध्यस्थ असतो.

आता ‘पन्नास लाख’ या आकड्याकडे पाहू. भरपाई कोणाच्या ओळखीवर ठरत नाही, तिचे गणित ठरलेले आहे आणि ते घरी बसून मांडता येते. ७२० रुपये रोज आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर उत्पन्न १८,००० रुपये. मृत व्यक्ती चाळिशीच्या आतली आणि स्वतःच्या कष्टावर कमावणारी असेल तर पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी त्यात ४० टक्के मिळवतात : २५,२००. अवलंबून असणारे चार ते सहा असले की मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा होतो : १८,९००. वर्षाचे झाले २,२६,८००. या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. वय ३१ ते ३५ असेल तर गुणक १६, म्हणजे ३६,२८,८००. यात सहवास गमावल्याबद्दल पत्नी, मुले आणि आई यांना प्रत्येकी, शिवाय अंत्यविधी आणि मृताच्या संपत्तीत पडलेली घट (लॉस ऑफ इस्टेट) यांपोटी अशा ठरीव रकमा मिळवल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्याच दुसऱ्या एका निकालात त्या अनुक्रमे ४०,०००, १५,००० आणि १५,००० होत्या आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात. दोन वाढी धरल्या तर ४८,४००, १८,१५० आणि १८,१५०. चौघांचे मिळून २,२९,९००. एकूण ३८,५८,७०० रुपये आणि त्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज, बहुधा ६ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान. चौथा हिस्सा म्हणजे साडेनऊ लाखांहून जास्त, तेही मुलांच्या शिक्षणाच्या पैशांतून.

खरी लढाई १८,००० या आकड्यासाठी आहे. पुरावा नसला तर भरपाई ठरवणारे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते, त्यात किमान वेतनाचा आधार घेते. तेच १२,००० धरले तर ३६,२८,८०० च्या जागी २४,१९,२०० उरतात. बारा लाखांचा फरक एका कागदापायी पडतो. म्हणून आत्ताच गोळा करा : ठेकेदाराची हजेरीवही, बँकेत किंवा फोनवर आलेल्या पैशांच्या नोंदी, इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाचे ओळखपत्र (गवंडी म्हणजे कुशल कामगार, हे त्यावरून दिसते), बचतगटाचे किंवा गाडीचे हप्ते फेडल्याच्या पावत्या. ठेकेदाराने नुसता दाखला देऊन भागत नाही. तो साक्षीला यायला हवा, कारण टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो की दाखला लिहिणारा कुठे आहे.

पोलिसांकडून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, टेम्पोचे आरसी बुक, विमा पॉलिसी, परमिट आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती घ्या. तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तो गेला का, हे ठाण्यात विचारा. विचारल्याखेरीज बहुधा तो जात नाही.

मुदत मात्र विसरू नका. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असेही नाही. तुम्ही राहता त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो.

वकिलाचे म्हणाल तर तुमच्या भावजयीला तो फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील, कोर्ट फी आणि टंकलेखनाचा खर्च मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्याच आवारात असते, दूरध्वनी १५१००. ‘फुकटचा वकील लक्ष देत नाही’ ही तक्रार काही वेळा खरीही असते. मग वकील बदलून मागा, तशी सोय आहे. खासगी वकील केलाच तर ठरीव फी, लेखी आणि पावतीसह. वकीलपत्रावर सही करताना ते पूर्ण भरलेले असावे. वेगळे मुखत्यारपत्र देऊ नका, चेकबुक आणि एटीएम कार्ड कोणाच्या हाती देऊ नका. निकालानंतर मोठा भाग मुलांच्या आणि पत्नीच्या नावे मुदतठेवीत ठेवायचा आदेश होतो. तो ‘मोडून घेऊ या’ असे कोणी सुचवले तर सावध व्हा.

प्रश्न : ट्रक चालवतो, वय ४२. अपघातात उजवा पाय गुडघ्यात कायमचा आखडला. दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व आहे. विमा कंपनी म्हणते भरपाईही ४० टक्क्यांचीच.
– एक वाचक, जत

उत्तर : दाखल्यावरचा टक्का आणि कमाई बुडाल्याचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केले आहे : माणूस आधी काय काम करत होता, आता कोणते करू शकतो, हे पाहून कमाईचे नुकसान ठरवायचे. टेबलाशी बसून काम करणाऱ्याचा पाय आखडला तर नुकसान थोडे. तुमचा ब्रेकवरचा पाय गेला म्हणजे अवजड वाहनाचा धंदाच गेला. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवा आणि दोन गोष्टी विचारून घ्या : ४० टक्के हे पायाचे की सगळ्या शरीराचे, आणि अवजड वाहन चालवता येईल का. परिवहन कार्यालयाने परवान्याचे नूतनीकरण नाकारले असेल तर तो कागद सोन्यासारखा. तुमच्या वयाला गुणक १४ लागतो आणि जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही. ती कोणी केली तर हरकत घ्या.

प्रश्न : गाडी ठोकून पळाली, नंबर मिळाला नाही. मग काहीच नाही का?

उत्तर : आहे, पण ठरीव. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. अर्ज न्यायाधिकरणात नाही, तालुक्याच्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. पुढे वाहन सापडले आणि भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

प्रश्न : खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर रात्रीतून वडिलांची प्रकृती बिघडली, सकाळी ते गेले. रुग्णालय कागद देत नाही. खर्च दोन लाख दहा हजार झाला होता. दावा कुठे करायचा, किती पैसे लागतील?
– एक वाचक, अकोला

उत्तर : आधी कागद. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, नाहीतर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. मागणीनंतर ७२ तासांत केसपेपरच्या प्रती द्याव्या लागतात, असा वैद्यक परिषदेचा नियम आहे. रुग्णालयाने नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे ठेवायच्या असतात, म्हणून उशीर नको.

प्रती आल्या की डिस्चार्ज किंवा मृत्यूच्या सारांशावर थांबू नका. परिचारिकांचा तक्ता काढा. त्यात वेळ, नाडी, रक्तदाब, श्वास, लघवीचे प्रमाण आणि सही असे रकाने असतात. रात्री बारा ते सहा एकही नोंद नसेल, किंवा सहा तासांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, सगळे आकडे तेच ते असतील, तर तिथे बोट ठेवा. डॉक्टरांना फोन किती वाजता केला आणि ते किती वाजता आले, हे त्याच पानावर शोधा.

रुग्ण दगावला एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्या शाखेचा सर्वसाधारण कुशल डॉक्टर जे करता ते केले नाही, हे दाखवावे लागते. तक्रारी पडतात त्या बहुधा इथेच : पानभर संताप असतो, पण कोणती तपासणी, कोणत्या वेळी, कोणी टाळली हे नसते. त्याच शाखेच्या दुसऱ्या डॉक्टरांचे लेखी मत जोडा. प्रत्येक प्रकरणात ते सक्तीचे नाही, तरी शस्त्रक्रियेच्या दाव्यात त्याशिवाय उभे राहणे अवघड.

तक्रार तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. तुम्ही किती मागता यावर आयोग ठरत नाही, रुग्णालयाला किती दिले यावर ठरतो. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. शुल्कही त्याच हिशेबाने : ५ लाखांपर्यंत शून्य, म्हणजे तुम्हाला काहीच भरायचे नाही. सगळ्यांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र ग्राहक आयोग चालत नाही. तिथे दिवाणी दावा करायचा, त्याआधी शासनाला दोन महिन्यांची नोटीस द्यायची आणि मागणीच्या रकमेवर कोर्ट फी भरायची.

प्रश्न : आमच्या दिवाणी दाव्याचा खर्च एक व्यापारी करायला तयार आहे, निम्मी रक्कम मागतो. हे बेकायदा आहे का?

उत्तर : वकिलाने केले तर होय. बाहेरच्या माणसाने केले तर नाही. पण वाटा अवाजवी असेल तर न्यायालय करार नाकारू शकते आणि निम्मा वाटा आम्हाला तरी अवाजवीच वाटतो. महाराष्ट्रात दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या दुरुस्तीप्रमाणे दाव्यातला वाटा घेऊन पैसे पुरवणाऱ्याला पक्षकार करून खर्चासाठी तारण मागता येते. हे त्याला आधीच सांगा, पुष्कळजण तिथेच मागे सरतात.

प्रश्न : पावसाळ्यात रस्त्यावरच्या खड्ड्यात दुचाकी पडून पत्नीचा हात मोडला. नगरपालिका दाद देत नाही.
– एक वाचक, पालघर जिल्हा

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे होणाऱ्या अपघातांसाठी भरपाई ठरवून दिली : मृत्यूला ६ लाख, दुखापतीला तिच्या गंभीरतेप्रमाणे ५०,००० ते अडीच लाख. नगरपालिकेत मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे अर्ज करायचा. अर्जानंतर सहा ते आठ आठवड्यांत पैसे मिळायला हवेत. अर्जासोबत खड्ड्याचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून काढा, आजूबाजूचे दुकान किंवा खांब दिसू द्या. खड्डा दोन दिवसांत बुजवला जातो. आणि रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर ‘घसरून पडली’ असे लिहिले आहे का ते पाहा. घाईत नातेवाईक तसेच सांगतात आणि पुढे तेच वाक्य पालिकेच्या उत्तरात येते. तसे असेल तर पोलिसांत जबाब नोंदवून खड्ड्याचा उल्लेख करून घ्या आणि जबाबाची प्रत अर्जाला जोडा.