कोटा, बारावी आणि आजोबांचा दाखला

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही राधानगरी तालुक्यातले. दोन एकर ऊस आणि चार म्हशी. मुलीला दहावीला ९२ टक्के पडले, सेमी इंग्रजी. तिला डॉक्टर व्हायचंय. थोरले बंधू म्हणतात, क्लाससाठी राजस्थानातल्या कोट्याला घाल. अकरावी-बारावीचं ॲडमिशन क्लासवालेच तिथल्या एका शाळेत करून देतात. त्यासाठी अर्धा एकर विकावं का? — एक पालक

उत्तर : दादा, जमिनीचा व्यवहार आधी थांबवा. इसार घेतला नसेल अशी आशा आहे.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या शंभर जागांतल्या पंधरा देशभरातल्या मुलांसाठी, उरलेल्या पंच्याऐंशी राज्याच्या. या पंच्याऐंशींसाठी डोमिसाईल, म्हणजे राज्याच्या रहिवासाचा दाखला, तर लागतंच, पण दहावी आणि बारावी दोन्हीही महाराष्ट्रातूनच झालेली लागते. बदलीच्या सरकारी नोकरीतल्या काही पालकांच्या मुलांना सवलत असते, उसाच्या शेतकऱ्याला नाही. म्हणजे पोरीची बारावी राजस्थानातून झाली, तर कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाला जोडलेल्या आपल्या राजर्षी शाहू कॉलेजातसुद्धा तिला त्या पंधरांतूनच शिरावं लागेल. अर्धा एकर विकून घरचीच जागा घालवायची, याला काय म्हणावं? बंधूंवर रागावू नका, क्लासच्या जाहिरातीत हे कोण छापतंय!

कोट्याला जायचंच असेल तर बारावी इथं करून मग एक वर्ष जाऊ दे. पण त्याचा विचार नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, पहिला निकाल बघून करा.

आता अभ्यास. १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यात निम्मे, म्हणजे ३६०, एकट्या बायोलॉजीचे. मी एकतीस वर्षं हाच विषय शिकवला, म्हणून माझ्या विषयाचं कौतुक समजा हवं तर. पण एनसीईआरटीचं, म्हणजे सीबीएसईच्या शाळांत चालतं ते, बायोलॉजी ओळ न् ओळ वाचलेली, आकृतीखालची बारीक अक्षरंसुद्धा न सोडलेली मुलगी निम्मा डोंगर चढलेली असते. आपल्या बोर्डाचं पुस्तक बारावीसाठी, ते टाकू नका, पण नीटसाठी एनसीईआरटीच हातात हवं. खरी घसरगुंडी फिजिक्सला. क्लास लावायचाच तर आधी त्याचा लावा. प्रश्न चुकला की हातचे चार जातात आणि वर एक कापला जातो, तेव्हा अंदाजपंचे गोळे रंगवायची सवय लागू देऊ नका.

आणखी एक. पेपर दुपारी दोन ते पाच. आपल्याकडे जेवण झालं की डोळे मिटायला लागतात, आमटी-भात असेल तर विचारूच नका. मी मुलांना दर रविवारी त्याच वेळात, ओएमआर शीट (गोळे रंगवायची उत्तरपत्रिका) आणि काळं बॉलपेन घेऊन पेपर सोडवायला बसवायची. पहिले चार रविवार निम्मी पोरं पेंगायची.

तुम्ही आरक्षणात येत असाल तर पुढचं दोनदा वाचा. जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणी, म्हणजे तो दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र, वेगळी. पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावीतच टाका. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांच्या शाळेच्या जुन्या दाखल्यावर आडनावाच्या जागी गावाचं नाव होतं. ते निस्तरायला तिचे वडील ऐन प्रवेशाच्या दिवसांत धार काढून सकाळी एसटी पकडायचे, संध्याकाळी हात हलवत परत. मार्क होते, कागद नव्हता. प्रवेशाची ती फेरी हुकलीच. तेव्हा आजोबांची ट्रंक या आठवड्यातच उघडा. नॉन-क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) लागत असेल तर त्याची मुदत ३१ मार्चला संपते, ते प्रवेशाच्या वर्षीचं ताजं काढा.

प्रश्न : नीटला चांगले मार्क पडले तर बारावीचे मार्क बघतात का? — एक विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : मेरिट लिस्ट लावताना नाही. पण फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटात ५० टक्के, आरक्षणात ४० टक्के लागतातच. प्रॅक्टिकलच्या वह्या पूर्ण कर, म्हणजे या प्रश्नाची वेळच येणार नाही.