जॅझमधलं काही कळत नसेल तर जुन्या जॅझ वादकांच्या सन्मानाच्या कार्यक्रमाला जावं का?

जा, नक्की जा, बाबांनाही घेऊन जा. तुम्ही लिहिलंय की घरात सगळे नाट्यसंगीतवाले, जॅझमधलं ओ का ठो कळत नाही, मग पणजीला जाऊन तीन तास करायचं काय. मी पण फोंड्याचाच, भजनं आणि पेटी ऐकत वाढलो, काही वर्षांपूर्वी मडगावचा एक मित्र असाच म्हाताऱ्या वादकांच्या सत्काराला ओढत घेऊन गेला म्हणून गेलो.

एक सांगू, ही माणसं तुम्ही आधीच ऐकलीयत. बाबांना 1951चा 'अलबेला' आठवत असेल, त्यात सी. रामचंद्रांच्या संगीतात ट्रम्पेट घेऊन जो दिसतो तो चिक चॉकलेट, म्हणजे आपल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू, 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात ते नाव आलं ते गुरूची आठवण म्हणून. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, आणि व्हायोलिन शिकल्यामुळे या लोकांना नोटेशन लिहिता-वाचता यायचं, म्हणून मुंबईत रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी, पण पडद्यावर बहुतेकांची नावंच आली नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून असे सत्कार व्हायलाच हवेत.

ऐकायचं कसं, तर बंदिश ऐकता तसंच. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग एकेक जण त्यावर आपला विस्तार करतो, खाली पियानो आणि बास तेच आवर्तन फिरवत असतात, बऱ्याचदा 12 किंवा 32 बारचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट), आणि शेवटी सगळे परत चालीवर येतात. एकाचं वाजवून झालं की मध्येच टाळ्या पडतात, ती आपली दादच.

त्या दिवशी ऐंशीच्या घरातले एक सॅक्सोफोनवाले होते. पट्टा गळ्यात घालायला नातवाच्या वयाच्या पोराने मदत केली, वाजवायच्या आधी बराच वेळ रीड, म्हणजे सॅक्सच्या तोंडाशी बसवायची पातळ पट्टी, तोंडात धरून ओली करत बसले. द्रुत गाण्यात दम पुरेना, वाक्यं अर्धवट सुटत होती. मग एक संथ चाल घेतली, चार-पाचच सूर पण प्रत्येक सूर असा ठेवला की माझ्या शेजारची बाई डोळे पुसायला लागली. नंतर तो पोरगा वाजवत असताना यांची बोटं मांडीवरच्या सॅक्सच्या बटणांवर आवाज न करता चालूच होती, मी शेवटपर्यंत तेच बघत बसलो.

संपल्यावर भेटलो, कोकणीत विचारलं कुणाकडे शिकलात, तर गावच्या शाळेतल्या मेस्तांचं, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या मास्तरांचं, नाव घेतलं आणि घेताना आपले बुवा लावतात तसा कानाला हात लावला.

म्हणून बाबांना आधीच सांगून ठेवा, कार्यक्रम संपला की लगेच गाडीकडे पळायचं नाही.