नायट्रो गाडी नवीन घेतलीय? मग आधी एवढं बघ

भावा, नायट्रो फ्युएलवर पळणारी रिमोटची गाडी घेतलीस भारी केलंस, पण लगेच फुल थ्रॉटल मारू नको. नवीन इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला मुद्दाम टाईट बसवलेला असतो, म्हणून पहिल्या चार-पाच टाक्या मिक्स्चर रिच (हवेच्या मानानं फ्युएल जास्त) ठेवून हळूहळू पळवायची, मागनं धूर दिसलाच पाहिजे. धूर गायब झाला आणि गाडी एकदम सुसाट सुटली की पोरं लय खूश होतात, तिथंच इंजिन गरम होऊन संपतं. तसं झालं तर मिक्स्चर रिच करायला कार्ब्युरेटरची मोठी सुई (हाय स्पीड, फ्युएल कमी-जास्त करणारा स्क्रू) घड्याळाच्या उलटी फिरव, एका वेळी 1/8 वळसा, जास्त नाही.

चालूच होत नसेल तर आधी ग्लो इग्नायटरचं (प्लग तापवणारं बॅटरीचं यंत्र) चार्जिंग बघ, बहुतेक वेळा तेच असतं. प्लग काढून इग्नायटरला लावायचा, आतली तार लालभडक झाली पाहिजे. इंजिन चालू करायची ओढायची दोरी जाम झाली तर जोर लावू नको, आत फ्युएल भरलंय. प्लग काढ, वर फडकं धर, चारदा ओढ, येतं बाहेर सगळं.

बाकी:
- पेट्रोल अजिबात नाही, नायट्रो फ्युएलच (मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण). त्यातल्या तेलावरच इंजिन जगतं. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, विडीवाल्याला लांब ठेव.
- रिमोट आधी चालू, गाडी नंतर. बंद करताना उलटं.
- एअर फिल्टरला तेल लावल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही, एप्रिलात सांगलीची धूळ तुला माहितीच आहे.
- घरी जाताना टाकी रिकामी करून इंजिनात आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणारं तेल) दोन थेंब, नायतर बेअरिंग गंजलंच म्हणून समज.

लो स्पीड सुई, क्लच याला सध्या हात लावू नको, ते नंतर बोलू.