नव्वद हजारांचा झिरो ट्रस्ट कोर्स घ्यावा का?

प्रश्न : मुलगी लातूरला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातला एक क्लास ‘झिरो ट्रस्ट सिक्युरिटी’चा सहा महिन्यांचा कोर्स 90 हजारांत देतोय, नोकरीची हमीही देतो. कर्ज काढून तिला घालू का? – एक पालक

उत्तर : सध्या कर्ज काढू नका. मुलीने निवडलेली दिशा चांगली आहे. घाई क्लासवाल्यांना आहे.

झिरो ट्रस्ट हे एखादं सॉफ्टवेअर नाही, फ्रेशरसाठीचं पदही नाही. फॉरेस्टर या संशोधन कंपनीत असताना जॉन किंडरवॅग यांनी 2010 मध्ये मांडलेला हा विचार आहे. तोवर ऑफिसच्या नेटवर्कमध्ये एकदा शिरलेला माणूस आपलाच, असं धरून चालायचे. किंडरवॅग म्हणाले, आत आहे म्हणून कुणालाही मोकळं रान नको. माणूस कोण, लॅपटॉप कोणता, हे दर वेळी तपासा. परवानगी कामापुरतीच द्या. आणि चोर घुसलेलाच आहे असं समजून नेटवर्कचे लहान लहान कप्पे करा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेने 2020 मध्ये याच विषयावर काढलेला 800-207 क्रमांकाचा दस्तऐवज इंटरनेटवर फुकट आहे. कोर्सआधी मुलीने तो वाचावा. जड जाईल, पण वाचावा.

आता खरी गोष्ट. मे 2021 मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला, म्हणजे संगणकातला डेटा कुलूपबंद करून खंडणी मागितली गेली. पूर्व किनाऱ्याचा इंधनपुरवठा काही दिवस विस्कळीत झाला, पंपांवर रांगा लागल्या आणि कंपनीने सुमारे 44 लाख डॉलरची खंडणी मोजली. हल्लेखोर शिरले कुठून? वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेर बसून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या खात्यातून. पासवर्ड टाकला की आत. ओटीपीसारखी दुसरी तपासणी त्या खात्याला नव्हतीच.

ते खातं वेळेत बंद करणं हे कुणाचं तरी रोजचं काम असतं, आणि मुलीची पहिली नोकरी बहुधा अशाच कामाची असेल. कोण कंपनी सोडून गेलं, कुणाची बदली झाली, कुणाकडे नको तो अॅक्सेस राहिला, हे बघायचं. याला आयडेंटिटी अँड अॅक्सेस मॅनेजमेंट म्हणतात. दुसरी वाट सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरची, म्हणजे शिफ्टमध्ये बसून लॉग (संगणकांवरच्या हालचालींच्या नोंदी) आणि अलर्ट तपासायचे. दोन्ही कामं दिसायला रुक्ष आहेत, पण झिरो ट्रस्ट प्रत्यक्षात इथेच कळतं. ‘झिरो ट्रस्ट आर्किटेक्ट’ ही पाटी बऱ्याच वर्षांच्या अनुभवानंतर लागते.

तयारी घरी होते. आधी नेटवर्किंग आणि लिनक्स पक्कं करावं. आयआयटींच्या एनपीटीईएल या संकेतस्थळावर व्याख्यानं फुकट आहेत. मग लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) दोन लिनक्स मशीन उभी करावीत. फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्यात, सगळं बंद ठेवून लागेल तेवढंच पोर्ट (ये-जा करायचं दार) उघडावं. कीक्लोक हे लॉगिन सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर बसवून ओटीपीसह लॉगिन तयार करावं. त्यानंतर लॉगिन झालेल्या एका युजरचं खातं बंद करून बघावं. लॉगिन करताना मिळालेल्या टोकनची, म्हणजे तात्पुरत्या डिजिटल पासची, मुदत संपेपर्यंत त्याचं काम काही मिनिटं चालूच राहू शकतं! हे का होतं आणि ती फट कशी कमी करायची, हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर मुलाखतीत त्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त वजन पडेल.

एवढं करूनही क्लास लावावासा वाटला, तर नोकरीची हमी लेखी मागा. किती पगार, कुठे, आणि नोकरी नाही लागली तर फी कधी परत, हे त्यात स्पष्ट हवं. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ एवढंच लिहून देत असतील, तर ती हमी नव्हे.