हद्द जिल्ह्याची की देशाची?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला २०१९ मध्ये प्रांतसाहेबांनी सातारा-सांगलीतून एका वर्षासाठी तडीपार केलं. हाणामारीच्या दोन केसेस होत्या. एकीत तो निर्दोष सुटला, दुसरी अजून चालू आहे. आता कॅनडात काम मिळतंय. एजंटाने आदेशाच्या इंग्रजी भाषांतरात ‘डिपोर्टेशन’ लिहून आणलं. वर म्हणतो, फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहा. आईने तर ‘पोराला देशाबाहेर काढणार’ म्हणून जेवण सोडलंय.

उत्तर : ताई, ते भाषांतर आधी फायलीतून काढा.

घोळ ‘हद्दपार’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे जिल्ह्याबाहेर काढलेलाही हद्दपार आणि परदेशातून परत पाठवलेलाही हद्दपार. कायद्यात मात्र हद्द कुठली, यावर सगळं अवलंबून असतं. तुम्ही पाठवलेल्या आदेशात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ५६ आहे. इंग्रजीत याला ‘एक्स्टर्नमेंट’ म्हणतात. ही तडीपारी दोन वर्षांपेक्षा जास्त करता येत नाही, आणि मुदत संपली की माणूस आपल्या घरी परत येतो. डिपोर्टेशन म्हणजे एखाद्या देशाने परक्या नागरिकाला आपल्या भूमीवरून काढणं. भारताच्या नागरिकाला भारतातून डिपोर्ट करताच येत नाही. हे आईंना आज जेवायच्या आधी सांगा.

कॅनडात तर या शब्दाला फार वजन आहे. तिथे देशाबाहेर काढण्याचे आदेश तीन प्रकारचे असतात. ‘डिपार्चर’वाला ३० दिवसांत रीतसर निघून गेला तर पुढे रस्ता मोकळा राहतो. ‘एक्स्क्लूजन’मध्ये ठरावीक वर्षांची बंदी असते. ‘डिपोर्टेशन’ झालेल्याला मात्र खास परवानगीशिवाय कधीच परत जाता येत नाही. त्याच देशाच्या अधिकाऱ्यापुढे आपल्या हाताने हा शब्द ठेवू नका. नव्या भाषांतरात ‘एक्स्टर्नमेंट ऑर्डर’, कलम, दोन्ही जिल्हे आणि मुदत स्पष्ट येऊ द्या.

आता फॉर्म. व्हिसा नाकारला, प्रवेश नाकारला किंवा कुठला देश सोडायला सांगितला, असं कधी घडलं का, या प्रश्नाला ‘नाही’ लिहा. तेच खरं आहे. पण अटक, आरोप किंवा शिक्षा झाली का, तिथे ‘हो’ लिहा. सुटलेली केसही सांगा आणि निकालाची प्रमाणित नक्कल, चालू केसची चार्जशीट, तडीपारीचा आदेश जोडा. खरं लिहूनही व्हिसा नाकारला जाऊ शकतो, हे मनाशी धरा. पण लपवलेलं उघडं पडलं तर ५ वर्षं कॅनडाचं दार बंद होतं. तेव्हा एजंट तुमचा फोनही उचलणार नाही.

खरी अडचण आहे ती चालू केसची. फौजदारी खटला प्रलंबित असला की पासपोर्टसाठी आणि परदेशी जाण्यासाठी त्या कोर्टाची परवानगी लागते. जामिनाच्या अटीही वाचून घ्या. पुढच्या तारखेलाच तुमच्या वकिलांकडून तसा अर्ज द्या. ऑफर लेटरची प्रत सोबत लावा आणि परवानगीचा आदेश हातात पडेपर्यंत एजंटाला एक रुपयाही देऊ नका.