हायडी, ॲलिस आणि केतू

लेकीला ‘हायडी’ ही आल्प्समधल्या पोरीची गोष्ट वाचून दाखवताना तुम्ही अडखळलात ती जागा भाषेच्या माणसानं मुद्दाम थांबावं अशीच आहे. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रँकफुर्टच्या घरातली ती करडी बाई, फ्रॉइलाइन (म्हणजे कुमारी) रॉटनमायर, हायडीला ‘ॲडलहाइड’ का म्हणते? ते वेगळंच नाव आहे का, त्याचा अर्थ काय, आणि मराठीत ते लिहायचं कसं?

नाव एकच आहे. पोरगी ‘हायडी’ म्हणून सांगते तेव्हा बाईंना ते नाव वाटतच नाही, बाप्तिस्म्याला ठेवलेलं खरं नाव काय म्हणून त्या विचारतात. मग मावशी सांगते की आईचंच नाव ठेवलंय, आडलहाइट. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर सरस्वती असते आणि घरात सरू, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की आपण बहुधा नावाचं डोकं ठेवतो आणि शेपूट तोडतो (विठ्ठलचा विठू, यमुनेची यमू), इथे डोकं गळालं आणि शेपटाचं लाडकं नाव झालं. योहाना श्पीरी यांची ही गोष्ट 1880 आणि 1881 मध्ये दोन भागांत आली. आज जगभर हायडी ओळखीची आहे, आडलहाइट मात्र जर्मनीतही आजी-पणजीचं नाव वाटतं.

आता फोड. जुन्या जर्मनमध्ये ‘आडल’ म्हणजे थोर कुळ, खानदान. उमराव वर्गाला जर्मन आजही आडल म्हणते, ‘एडल’ म्हणजे उमदा, आणि आल्प्समधलं ते लोकरी पांढरं फूल एडलवाइस. आल्बर्ट हे मूळचं आडलबेर्ट, म्हणजे आडल अधिक तेजस्वी. आडोल्फ म्हणजे आडल अधिक लांडगा. तो लांडगा, वुल्फ, आपल्या ‘वृक’चा सख्खा नातलग आहे.

खरी गंमत दुसऱ्या तुकड्यात आहे. ‘हाइट’ हा एके काळी स्वतंत्र शब्द होता: रीत, प्रकार, दर्जा. पुढे त्याचा प्रत्यय झाला. जर्मनमध्ये ‘फ्राय’ म्हणजे मोकळा आणि ‘फ्रायहाइट’ म्हणजे स्वातंत्र्य, ‘किंट’ म्हणजे मूल आणि ‘किंटहाइट’ म्हणजे बालपण. इंग्रजीत तोच ‘चाइल्डहुड’मधला ‘हुड’. मराठीत हे काम ‘पण’ करतो. तेव्हा आडलहाइटचं चोख भाषांतर करायचंच तर ते ‘थोरपण’ होईल.

पण ‘हाइट’ आला कुठून? संध्या करणाऱ्यांना ‘उदु त्यं जातवेदसं देवं वहन्ति केतवः’ ही ऋचा पाठ असते. तिथले ‘केतवः’ म्हणजे सूर्याचे किरण. वेदात केतू म्हणजे तेज, प्रकाश, लांबून ओळखू येणारी खूण. ध्वज, धूमकेतू आणि राहूचा जोडीदार हे सगळे नंतरचे. जर्मन, इंग्रजी वगैरे जर्मानिक भाषांनी जुन्या ‘क’चा पद्धतशीर ‘ह’ केला. लॅटिन ‘कोर्नु’ म्हणजे शिंग, इंग्रजीत तेच ‘हॉर्न’. त्याच वाटेनं केतूचा भाऊबंद तिकडे ‘हाइट’ झाला: झळाळी, मग दिसणं, मग रूप, मग रीत आणि दर्जा. म्हणजे आल्प्सच्या कुरणात शेळ्यांमागे धावणाऱ्या त्या पोरीच्या नावात आपला केतू बसलाय. पत्रिकेत केतू पाहून दचकणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. जर्मन ‘हायडे’ म्हणजे झुडपी माळरान, तो शब्द निराळा. हायडीच्या नावात डोंगर-माळ शोधू नये. आणि प्रत्येक जुन्या जर्मन नावाचा सरळ अर्थ लावायचा हट्टही धरू नये. ही नावं दोन तुकडे जोडून करत, बरेचदा एक आईकडचा, एक बापाकडचा. हेडविग या बाईच्या नावात तर दोन्ही तुकड्यांचा अर्थ लढाईच! गेरट्रूड म्हणजे भाला आणि बळ, माटिल्डा म्हणजे बळ आणि लढाई. या सगळ्या रणरागिणींत आडलहाइट एकटीच शांत दिसते.

हे नाव वर आणलं ते बर्गंडीच्या आडलहाइटनं. पहिला नवरा गेल्यावर 951 मध्ये इटलीचा राजा बेरेंगार यानं तिला कैदेत टाकलं, ती निसटली आणि जर्मन राजा पहिला ओटो याच्याशी तिनं लग्न केलं. 962 मध्ये रोमला ती सम्राज्ञी झाली, 999 च्या 16 डिसेंबरला वारली, 1097 मध्ये संत ठरली. राणीही आणि संतही, मग मुलींना ते नाव ठेवायला कोण मागे राहणार?

फ्रान्समध्ये ते गेलं आणि झिजलं. जुन्या फ्रेंचमध्ये दोन स्वरांमधला ‘द’ गळतो. आपल्या प्राकृतातही हेच झालं: पाद, पाअ, पाय. तसं आदलहाइदिसचं आदेलाइस, मग आआलिस, मग आलिस. होय, ॲलिस म्हणजे आडलहाइटच! ॲलिसन हे तिचं लाडकं रूप, अलिशिया हे लॅटिन पेहरावातलं. मुंबईत ठेवतात ते ‘अलिशा’ही याच गोतातलं, नावांच्या याद्या त्याचा काहीही संस्कृत अर्थ देवोत. व्हिक्टोरिया राणीची लेक ॲलिस जर्मनीत हेसच्या घराण्यात सून म्हणून गेली. तिथले लोक तिच्या नावाचा उच्चार इतका वाकडा करत की तिनं आपल्या मुलीचं नाव जर्मन जिभेला झेपेल असं ‘आलिक्स’ ठेवलं. तीच पुढे रशियाची शेवटची सम्राज्ञी अलेक्झांड्रा. गायिकेमुळे माहीत असलेलं ‘अडेल’ हे आडलनं सुरू होणाऱ्या कुठल्याही नावाचं अर्धुक असू शकतं. डचांकडे आलेइडा, अलिडा. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याकडे एल्के. तिचा आपल्या अलकाशी काही संबंध नाही, कानाला वाटला तरी.

आणि ॲडलेड. आपल्या बहुतेकांना हे नाव 19 डिसेंबर 2020 ला 36 धावांत आटोपलेल्या भारताच्या कसोटी डावामुळे कायमचं पाठ झालंय. 1836 मध्ये वसवलेल्या या ऑस्ट्रेलियातल्या शहराला चौथ्या विल्यमच्या राणीचं नाव दिलं, आणि ती जन्मानं जर्मन होती, साक्स-मायनिंगनची आडलहाइट. तिथे तारखात्याचे प्रमुख होते चार्ल्स टॉड. त्यांनी ऑस्ट्रेलियाचं वाळवंट चिरत उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनपर्यंत तारेची लाइन नेली, ती 1872 मध्ये पूर्ण झाली. वाटेतल्या एका पाणवठ्याला त्यांच्या बायकोचं नाव मिळालं: ॲलिस स्प्रिंग्ज. एकाच तारेवर एकाच नावाची दोन गावं, आणि मला नाही वाटत तार टाकणाऱ्यांच्या ते लक्षात आलं असेल.

राहिलं लेखन. शहर ‘ॲडलेड’च लिहा, ते इंग्रजी वळणाचं आहे. गोष्टीतली बाई मात्र जर्मन बोलतेय, तेव्हा ‘आडलहाइट’: पहिला ‘आ’ लांब, शेवटी ‘ट’. जर्मनमध्ये शब्दाच्या टोकाला ‘ड’ आला की तो ‘ट’ होतो. ‘हायडी’त मात्र पुढे स्वर आहे म्हणून तोच ‘ड’ शाबूत राहतो. लेकीला वाचून दाखवताना रॉटनमायर बाईंच्या तोंडचा तो ‘ट’ जरा ठणकावून म्हणा. बाई कशा आहेत ते वेगळं सांगावं लागणार नाही.